गेम विकत घ्यावा की नाही: पैसे भरण्याआधीची तपासणी

नव्या, मोठ्या व्हिडिओ गेमची किंमत आता साधारण चार ते पाच हजार रुपये असते. नाशिकमध्ये खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाच्या महिन्याच्या मेसच्या बिलापेक्षा ही रक्कम बहुधा जास्तच भरते, त्यामुळे गेम घ्यावा की नाही असा विषय निघाला की बोलणे लगेच किमतीवर येते: किती टक्के सूट आहे, सेल कधी लागेल, कुठे स्वस्त मिळेल. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी आपल्या यंत्रावर तो गेम नीट चालेल का हे पाहावे, मग आपल्या दिनक्रमात तो बसतो का हे पाहावे, त्यानंतर इतरांची मते वाचावीत, आणि या तिन्ही ठिकाणी गेम टिकला तरच किमतीकडे वळावे. ज्या गेमला आपण हातच लावणार नाही, त्यावरची ऐंशी टक्के सूट म्हणजे वीस टक्क्यांचा निव्वळ तोटा असतो, आणि अशा न उघडलेल्या गेमची यादी बहुतेक हौशी खेळाडूंच्या खात्यात सापडते.

आपले यंत्र काय म्हणते

संगणकावरचा गेम असेल तर दुकानाच्या पानावर अगदी खाली किमान आणि शिफारस केलेली यंत्रणा असे दोन रकाने असतात. किमान रकान्याचा अर्थ एवढाच की गेम सुरू होईल. तो सुखाने खेळता येईल असे वचन त्यात नसते. कोणत्या रिझोल्युशनला (चित्राच्या बारकाव्याला), सेकंदाला किती फ्रेम्सनी (चित्रांनी) आणि कोणत्या सेटिंगवर हे बऱ्याच कंपन्या तेथे लिहीतच नाहीत, म्हणून आपला संगणक शिफारशीच्या रकान्याजवळ पोहोचतो का हेच पाहणे शहाणपणाचे ठरते.

माझा भाचा येथेच इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्याकडे, त्याच्या वर्गातल्या अनेकांप्रमाणे, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप आहे. ‘मामा, रॅम सोळा जीबी केली आहे, आता काहीही चालेल,’ असे तो खात्रीने सांगत होता. त्याला डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हवा होता. या गेमला रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवणे, करू शकणारे ग्राफिक्स कार्ड सक्तीचे आहे आणि किमान रकान्यातच आरटीएक्स २०६० सुपर लिहिलेले आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘डूम: द डार्क एजेस’चीही तीच अट आहे. अशा ठिकाणी सेटिंग्ज कितीही खाली आणल्या किंवा रॅम कितीही वाढवली तरी उपयोग होत नाही, कारण जे काम कार्डाच्या आतल्या विशिष्ट भागाने करायचे असते तो भागच १६५० मध्ये नाही.

आपल्याकडे नेमके काय आहे हे ठाऊक नसेल तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, क्लिक करावे. तेथे कार्डाचे नाव आणि ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ असा आकडा दिसतो. लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू दिसत असतील तर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या वेगळ्या कार्डाचा आकडा घ्यावा, प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सचा नव्हे. हा आकडा चार जीबी असेल तर अलीकडच्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील, कमी ठेवावे लागणार हे गृहीत धरावे. त्यानंतर यूट्यूबवर कार्डाचे नाव आणि गेमचे नाव एकत्र शोधून, कोपऱ्यात फ्रेम्सचा आकडा दाखवणारा एखादा व्हिडिओ पाहावा. पण त्यातही सुरुवातीच्या गुहेतला भाग सोडून गर्दीच्या शहरातला किंवा मोठ्या लढाईतला भाग पाहावा, कारण यंत्र दमते ते तेथे. एकाच नावाचे कार्ड डेस्कटॉपमध्ये जास्त आणि लॅपटॉपमध्ये कमी वेगाने चालते, हेही लक्षात असू द्यावे. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारच्या वेळी खोलीतच तापमान चढलेले असते, तेव्हा लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग आणखी कमी करतो. हिवाळ्यात गंगापूर धरणावरून वारे येत असताना जो गेम लोण्यासारखा चालतो, तोच उन्हाळ्यात अडखळतो.

जागेचा हिशेब लोक विसरतात. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते आणि तीही एसएसडीवर, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणीवर. १०० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर एवढे डाउनलोड होण्यास कागदावर तीन तास वीस मिनिटे लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. आणि घरी ब्रॉडबँड नसून मोबाइलचे रोजचे दोन जीबी असतील तर तो पंचाहत्तर दिवसांचा डेटा झाला. एसएसडी भरलेली असेल तर गेमच्या किमतीत नव्या एसएसडीची किंमत मिळवावी आणि मगच तो परवडतो का ते ठरवावे.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असणाऱ्यांना ही कटकट नसते असा समज आहे, आणि तो बराचसा खराही आहे. पण ‘सायबरपंक २०७७’चे उदाहरण विसरू नये. हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी समीक्षकांना केवळ संगणकाची आवृत्ती दिली होती, परीक्षणे उत्तम होती, आणि ती वाचून पीएस४ वर घेणाऱ्यांच्या पदरी अर्धवट, सतत बंद पडणारा गेम आला. आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. पुढे सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर (तो पीएस४ साठी नव्हता) तोच गेम संगणकावर आणि नव्या यंत्रांवर सुरुवातीपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळू लागला आणि उत्तम चालूही लागला. परीक्षण कोणत्या यंत्रावरचे आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये, आणि नवा गेम निदान दोन-तीन आठवडे जुना होऊ द्यावा, या दोन्ही गोष्टी त्यातून घ्याव्यात.

आपला दिवस काय म्हणतो

‘तासाला किती रुपये पडले’ हे माप फार लोकप्रिय आहे. चार हजारांचा गेम शंभर तास चालला म्हणजे तासाला चाळीस रुपये, सिनेमापेक्षा स्वस्त, असा तो हिशेब असतो. मला हे माप दिशाभूल करणारे वाटते. शंभर तासांपैकी साठ तास नकाशावरच्या खुणा गोळा करण्यात जाणार असतील तर ते तास आपल्याला मिळालेले नसतात, आपल्याकडून घेतलेले असतात. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मध्ये आलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ सुमारे पाच तासांत संपतो. भारतीय पुराणकथा आणि राजस्थानी धाटणीची वास्तुरचना पडद्यावर पाहायची असेल, तर तासाचा दर काढून त्याला महाग ठरवणे मला पटत नाही; त्याची मारामारी मात्र लवकर तोचतोचपणाकडे झुकते, हेही सांगायला हवे.

तासांचा आकडा वेगळ्या कारणासाठी उपयोगी असतो. हाउ लाँग टू बीट या संकेतस्थळावर बहुतेक गेमची सरासरी लांबी मिळते. ‘द विचर ३’ची मुख्य कथा सुमारे ५० तासांची आहे. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या, घरी लहान मूल असलेल्या माणसाला आठवड्यात चार तास मिळत असतील, तर ही कथा संपण्यास तीन महिने लागतील. तीन महिने एकाच कथेचे धागे डोक्यात ठेवणे जमेल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. ज्यांना ते जमत नाही त्यांनी अर्ध्या-पाऊण तासात एक डाव पूर्ण होणारे गेम शोधावेत. ते स्वस्तही असतात.

घरात खेळणाऱ्या माणसाने आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी, आणि परीक्षणांत ती क्वचितच सापडते: गेम मध्येच थांबवता येतो का आणि हवा तेव्हा सेव्ह करता येतो का. ‘एल्डन रिंग’मध्ये सरळ पॉज करण्याची सोय नाही, मेनू उघडला तरी शत्रू हल्ला करतच राहतो. ऑनलाइन सामन्यात तर प्रश्नच नाही. दाराची बेल वाजली, आईने हाक मारली, गॅस सिलिंडर आला, अशी संध्याकाळ ज्याच्या घरी असते त्याला हा तपशील ग्राफिक्सपेक्षा महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात महावितरणची वीज अचानक जाते त्या भागात राहणाऱ्यांनी सेव्हची पद्धतही पाहावी, कारण काही गेममध्ये ठरावीक ठिकाणी पोहोचल्यावरच सेव्ह होते आणि डेस्कटॉप बंद पडला की मागचा अर्धा तास पुन्हा खेळावा लागतो.

ऑनलाइन गेम घेताना सर्व्हर, म्हणजे सामना चालवणारा कंपनीचा संगणक, कोठे आहे हे शोधावे. नाशिकहून मुंबई जवळ असल्याने, ज्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, उदाहरणार्थ ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’, त्यात प्रतिसाद चांगला मिळतो. हे दोन्ही तर फुकटच खेळता येतात. पण अनेक पैसे देऊन घ्यायच्या गेमचा सर्वांत जवळचा सर्व्हर सिंगापूरला असतो, आणि नेम धरून गोळी मारण्याच्या खेळात तेवढा उशीरही जाणवतो. भारतातून रात्री त्यावर पुरेसे खेळाडू मिळतात का, हे दुसरे. सामन्याआधीच्या रिकाम्या लॉबीत वाट पाहण्यासाठी कोणी अडीच हजार रुपये देऊ नयेत.

इंग्रजी वाचनाचा मुद्दा संकोचाने टाळला जातो, तो टाळू नये. ‘डिस्को एलिसियम’सारख्या गेममध्ये दहा लाखांच्या आसपास शब्द आहेत आणि गेम म्हणजे ते वाचणे हेच आहे. दिवसभर कार्यालयात इंग्रजी वाचून आलेल्याला हे नकोसे वाटू शकते, आणि ज्याला वाचनाचीच आवड आहे त्याला यासारखा आनंद नाही. सबटायटल्सचा आकार वाढवता येतो का हेही पाहावे. सोफ्यावरून टीव्हीवर खेळताना बारीक अक्षरे डोळ्यांना त्रास देतात.

एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमच्या अचीव्हमेंट्सची, म्हणजे ठरावीक टप्पा गाठल्याबद्दल मिळणाऱ्या बिल्ल्यांची, यादी टक्केवारीसह सर्वांना दिसते. पहिला अध्याय संपवल्याबद्दल मिळणारी अचीव्हमेंट किती जणांकडे आहे आणि शेवटचा अध्याय संपवल्याबद्दलची किती जणांकडे, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. शेवट गाठणारे नेहमीच कमी असतात. पण आकडा कोठे कोसळतो ते पाहण्यासारखे असते. दुसऱ्या अध्यायातच निम्मे लोक गळाले असतील तर तेथे काहीतरी कंटाळवाणे किंवा अवघड आहे, आणि ते काय हे परीक्षणांत शोधता येते.

इतरांचे मत कसे वाचावे

मेटाक्रिटिक किंवा ओपनक्रिटिकवरची समीक्षकांची सरासरी पाहायला हरकत नाही, पण त्या आकड्याने एवढेच कळते की गेम नीट बांधलेला आहे. तो आपल्या प्रकारचा आहे का, हे त्यातून कळत नाही. स्टीमवरच्या खेळाडूंच्या मतांचा टक्का तर वेगळीच गोष्ट सांगतो: तेथे प्रत्येक जण फक्त ‘शिफारस करतो’ किंवा ‘करत नाही’ एवढेच नोंदवतो, त्यामुळे ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत, तर शंभरपैकी नव्वद जणांना तो बरा किंवा त्याहून चांगला वाटला. एखाद्या विशिष्ट आवडीच्या लोकांनीच घेतलेल्या, बस चालवण्याच्या किंवा शेतीच्या गेमला हा टक्का सहज मिळतो.

स्टीमवर दोन ओळी असतात, एक सर्व मतांची आणि एक गेल्या तीस दिवसांची. दोन्हींत फरक दिसला की थांबून कारण शोधावे. अलीकडची ओळ वर असेल तर अपडेट्सनी गेम सुधारला आहे. ती खाली असेल तर एखादा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) बिघडला, सर्व्हर कोलमडले किंवा कंपनीने काही नवी अट घातली असण्याचा संभव असतो.

मग नकारात्मक मते उघडावीत. फिल्टर लावून निदान दहा तास खेळलेल्यांचीच ठेवावीत आणि दहा-बारा सावकाश वाचावीत. त्यांत बहुधा तीन प्रकार निघतात. पहिला तांत्रिक तक्रारींचा: क्रॅश होतो, सेव्ह फाइल उडाली, कंट्रोलर चालत नाही. ही तक्रार चार वेगळ्या लोकांनी केली असेल आणि ती गेल्या महिन्यातली असेल तर ती खरी मानावी. दुसरा प्रकार आवडीनिवडीचा, आणि तो सर्वांत उपयोगी असतो, कारण कोणाची तरी तक्रार हीच आपली शिफारस असू शकते. ‘नुसती शेती करा, मासे पकडा आणि गावकऱ्यांशी गप्पा मारा, बाकी काहीच घडत नाही’ असे कोणी रागाने लिहिले असेल, तर दिवसभर डोके शिणलेल्या माणसाला नेमके तेच हवे असते. तिसरा प्रकार निषेधाचा. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या संगणकावरच्या खेळाडूंवर सोनीचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर झाली, तेव्हा काही दिवसांत दोन लाखांहून अधिक नकारात्मक मते पडली; सोनीने सक्ती मागे घेतली. गेम त्या आठवड्यात वाईट झाला नव्हता. तरीही निषेध दुर्लक्षिण्याजोगा नसतो, कारण कंपनी आपल्या ग्राहकांशी कशी वागते ते त्यातून दिसते.

व्हिडिओ पाहायचा तर ट्रेलर पाहू नये. गेमच्या मधल्या भागातली वीस मिनिटे, बोलणारा कोणी नसलेली, सलग पाहावीत. यूट्यूबवरच्या मराठी-हिंदी निवेदकांपैकी अनेकांना गेम कंपनीकडून फुकट मिळतो. त्यात अप्रामाणिक काही नाही, पण खिशातून चार हजार रुपये घातलेल्या माणसाला जे टोचते ते त्यांना टोचत नाही.

अर्धवट अवस्थेत, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये विकल्या जाणाऱ्या गेमबद्दल माझे मत कठोर आहे: तो आज जसा आहे तसाच कायम राहिला तरी चालेल असे वाटत असेल तरच घ्यावा. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून असा विकला जात होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण होऊन गाजला. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये तसाच आला, २०२४ मध्ये तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला आणि गेम अपुराच राहिला. विकत घेण्याच्या दिवशी दोघांची आश्वासने सारखीच मोठी होती.

आता किंमत

घडातला एक मणी तोंडात टाकल्याशिवाय द्राक्षे न घेणारा नाशिककर गेम मात्र पाहताक्षणी घेतो, आणि सेलमध्ये तर विचारूच नये. म्हणून डेमो आहे का ते आधी पाहावे. स्टीमवर वर्षातून तीनदा होणाऱ्या नेक्स्ट फेस्टमध्ये येऊ घातलेल्या शेकडो गेमचे डेमो फुकट मिळतात.

डेमोनंतरही गेम हवासा वाटला तर स्टीमडीबी या संकेतस्थळावर त्याचा भारतातल्या रुपयांमधला किमतीचा इतिहास पाहावा. आजवरची सर्वांत कमी किंमत किती होती आणि ती किती वेळा आली, हे तेथे आलेखात दिसते. स्टीमचे मोठे सेल जूनअखेर आणि डिसेंबरअखेर असतात, मध्ये लहानमोठे येतच राहतात, आणि एकदा ५० टक्क्यांवर आलेला गेम पुढच्या सेलमध्ये सहसा तेथे किंवा त्याखालीच येतो. ‘शेवटचे काही तास’ हे घड्याळ म्हणूनच मनावर घेऊ नये. गेम विशलिस्टमध्ये टाकला की सवलत लागताच ईमेल येतो. माझा नियम असा की याच आठवड्यात सुरू करणार नसू तर सेल कितीही मोठा असो, तो पुढे ढकलावा. घेतल्यानंतर लगेच सेल लागला तर चडफडण्याची गरज नाही. रिफंडच्या अटींत (त्या पुढे दिल्या आहेत) बसत असेल तर पैसे परत मागून तोच गेम कमी किमतीत घेणे स्टीमच्या नियमांत स्पष्टपणे मान्य आहे.

दरवर्षी नवी आवृत्ती येणाऱ्या फुटबॉलसारख्या क्रीडागेमची किंमत सर्वांत लवकर उतरते, म्हणून त्यात पहिल्या महिन्यात पैसे घालणे मला उधळपट्टी वाटते. आगाऊ नोंदणीचेही तसेच. डिजिटल प्रती संपत नाहीत, त्यामुळे आधी रांग लावण्यात काही लाभ नसतो. मिळतो तो एखादा पोशाख आणि दोन-तीन दिवस आधी खेळण्याची मुभा, आणि त्या दिवसांतले खेळलेले तास स्टीम रिफंडच्या हिशेबात धरते. डीलक्स आवृत्तीही पहिल्यांदा घेऊ नये. मूळ गेम संपवून आणखी हवे वाटले तर डीएलसी, म्हणजे गेमचा जादा भाग, वेगळे घेता येते.

किमतीच्या चौकटीबाहेरचा खर्च पाहायला स्टीमच्या पानावर उजवीकडचा उभा रकाना वाचावा. गेममध्ये आणखी खरेदी आहे का, दुसऱ्या कंपनीचे खाते काढावे लागेल का, डेनुवोसारखे नक्कल रोखणारे कुलूप आहे का, गेम एकट्याने खेळायचा आहे की ऑनलाइन, हे सगळे तेथे एकेका ओळीत असते. पूर्ण किंमत घेऊन वर गेममध्ये नशिबाचे पुडके विकणारे गेम मी बाजूला ठेवतो; बेल्जियमने २०१८ मध्ये अशा लूट बॉक्सना जुगाराच्या कायद्याखाली आणले, ते उगीच नव्हे. मुलांसाठी घेणाऱ्या आई-वडिलांनी हा रकाना आणि पेगी किंवा ईएसआरबीचा वयाचा शिक्का, दोन्ही पाहावेत, आणि फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवावा. फुकट गेममध्ये घातलेले पैसेही सुरक्षित नसतात. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, तिच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. पोशाखांवर हजारो रुपये घातलेल्या मुलांना मधले दहा महिने तो परत येईल की नाही हेच कळत नव्हते.

महिन्याची वर्गणी, म्हणजे गेम पास किंवा प्लेस्टेशन प्लस, ज्याला एका सुट्टीत तीन-चार गेम संपवायचे आहेत त्याला परवडते. वर्षातून दोनच गेम खेळणाऱ्याला नाही. घ्यायचीच तर एक महिन्याची घ्यावी आणि यूपीआय अ‍ॅपमधले ऑटोपे त्याच दिवशी बंद करावे. एपिकचे दुकान दर गुरुवारी एखादा गेम फुकट देते, तो न विसरता घ्यावा.

कोठून घ्यावा

कंपनीच्या अधिकृत दुकानाबाहेर कमी किमतीत मिळणारी ‘की’, म्हणजे गेम खात्यात जोडण्याचा कोड, कोठून आली हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर घेऊ नये. ती नंतर रद्द होऊ शकते आणि स्टीम त्यावर रिफंड देत नाही. इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर दोन-तीनशे रुपयांत चार हजारांचा गेम देणारे लोक प्रत्यक्षात स्वतःच्या किंवा चोरलेल्या खात्याचा पासवर्ड विकतात. तो बदलला की गेम गेला आणि पैसेही गेले. असे झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

प्लेस्टेशनसाठी डिस्क हा अजूनही सर्वांत सोयीचा मार्ग आहे, कारण गेम संपला की ती विकता येते. यंत्र मात्र डिस्क ड्राइव्हचे हवे. डिजिटल एडिशनमध्ये तो नसतो. एमजी रोड किंवा कॉलेज रोडच्या दुकानांत जुनी डिस्क घेताना ती तिरकी धरून उजेडात पाहावी. मधल्या छिद्राकडून कडेकडे गेलेले बारीक ओरखडे सहसा चालतात, कडेला समांतर गोल गेलेला खोल ओरखडा चालत नाही. दुकानदाराकडे यंत्र असेल तर तेथेच लावून दाखवायला सांगावे. डब्यातला, एकदाच वापरता येणारा कोड बहुधा आधीच्या मालकाने वापरलेला असतो, तो किमतीत धरू नये. डिस्क कोणत्या प्रदेशाची आहे हेही विचारावे, कारण भारतातल्या खात्यावरून घेतलेले डीएलसी वेगळ्या प्रदेशाच्या डिस्कबरोबर सहसा चालत नाही.

डिजिटल गेम म्हणजे मालकी नव्हे, परवाना असतो. ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारींचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हरसह बंद झाला आणि एकट्याने खेळणाऱ्यांनाही तो उघडता येईना, डिस्क असणाऱ्यांनाही. एकट्याने खेळण्यासाठीही सतत इंटरनेट मागणारा गेम घेताना त्याला भाड्याने घेतल्यासारखेच धरावे आणि तेवढेच पैसे द्यावेत.

पहिले दोन तास

स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास रिफंड मिळतो. एपिकवरही बहुतेक गेमना हीच मुदत आहे, आणि जीओजी या ऑनलाइन दुकानात खेळलेला गेमही ३० दिवसांपर्यंत परत करता येतो. प्लेस्टेशनच्या दुकानात मात्र डाउनलोड सुरू केल्यावर, गेम सदोष असल्याशिवाय, पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे प्लेस्टेशनवाल्यांनी चाचणी आधीच, मित्राकडे किंवा गेमिंग कॅफेत तासाचे भाडे देऊन करून घ्यावी.

हे दोन तास वाया घालवू नयेत. स्टीमचे घड्याळ गेम उघडल्यापासून चालू होते: शेडर्स (चित्र रंगवण्याच्या सूचना) तयार होत असलेला पडदा, कंपनीचे लाँचर (गेम सुरू करणारे अ‍ॅप), सुरुवातीची लांब चित्रफीत, पात्राचे नाक-डोळे निवडणे, सगळे त्यात मोजले जाते. म्हणून आपल्या कार्डासाठी कोणत्या सेटिंग्ज ठेवायच्या हे आधीच व्हिडिओतून लिहून घ्यावे, पात्राचा चेहरा आहे तो घ्यावा आणि चित्रफिती या चाचणीपुरत्या वगळाव्यात. पहिल्या अर्ध्या तासात केवळ यंत्र तपासावे: फ्रेम्स अडखळतात का, पंखा किती ओरडतो, कंट्रोलर ओळखला जातो का, सेव्ह करून बाहेर पडून पुन्हा आत येता येते का. त्यानंतरच्या तासात गेमचे मुख्य काम, मग ते लढणे असो, कोडी असोत वा गाडी चालवणे, पुन्हा पुन्हा करून पाहावे आणि हाताला ते आवडते का एवढेच बघावे. कथा पुढे चांगली होते, वीस तासांनंतर खरा गेम सुरू होतो, असे सांगणारे भेटतील. ज्याच्याकडे आठवड्याचे चार तास आहेत त्याने पाच आठवडे वाट का पाहावी?

दीड तासाच्या सुमारास गेम बंद करून एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोकळा वेळ मिळाल्यावर तो उघडावासा वाटला नाही तर तेव्हाच हेल्प स्टीम पॉवर्ड या पानावर जाऊन खरेदी निवडावी, कारणाच्या रकान्यात जे असेल ते खरे लिहावे आणि पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने मागावेत, कारण स्टीम वॉलेटमध्ये घेतलेले पैसे बँकेत परत येत नाहीत आणि पुढच्या सेलमध्ये खर्च होतात. फुकट खेळण्यासाठी हीच सोय वारंवार वापरली तर स्टीम ती नाकारू शकते. विनंती मंजूर झाल्यानंतर रक्कम साधारण आठवड्याभरात खात्यात येते. काही बँकांच्या बाबतीत आणखी काही दिवस लागतात, तोवर मंजुरीचा ईमेल जपून ठेवावा.